आवड नाही की वाट नाही?

ओहायो विद्यापीठातल्या जेफ्री कुझ्नेकॉफ आणि लिंडसी रोझ या संशोधकांनी एका व्हिडिओ गेमवर केलेला प्रयोग इतका साधा आहे, की तो आपल्याला कसा सुचला नाही असं वाटावं. खेळ होता 'हेलो ३'. एकमेकांना न ओळखणारी माणसं इंटरनेटवरून एकत्र येतात, त्यांचे दोन संघ पडतात आणि तोंडाशी माईक घेऊन सगळे बोलत, ओरडत एकमेकांवर गोळ्या झाडतात. या गर्दीत संशोधकांनी आपला खेळाडू तीन तऱ्हांनी सोडला. कधी तो पूर्ण गप्प राही, कधी पुरुषाच्या आवाजात बोले, कधी बाईच्या. बोलणं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं, दोन्ही आवाजांत तेच आणि अगदी निरुपद्रवी: सगळ्यांना नमस्कार, नेम छान लागला, खेळायला मजा आली. मग समोरून काय उत्तर येतं ते टिपायचं, एवढंच काम.

२०१३ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा साधारण तिप्पट वाईट शेरे मिळाले. नुसत्या नमस्कारालाही गलिच्छ शिवी आली. खेळ तोच होता, वाक्यंही तीच होती. बदलला होता फक्त गळा.

आता हाच प्रसंग गेम कंपनीच्या खुर्चीत बसून बघा. एका मुलीनं खातं उघडलं, चार डाव खेळली, माईक बंद केला, महिन्याभरात यायची थांबली. कंपनीच्या आकडेवारीत एवढंच उमटतं. त्यावरून बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'मुलींना असले खेळ आवडतच नाहीत,' आणि सगळे माना डोलावतात. व्हिडिओ गेमच्या धंद्यात हे वाक्य वर्षानुवर्षं बिनविरोध चाललं. मुलींच्या जागी कृष्णवर्णीय घाला, अपंग घाला, वयस्कर घाला, तरी ते चालतंच. या वाक्यावर शंका घेणं हाच काही माणसांचा पेशा आहे. हे समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि संवादशास्त्राचे अभ्यासक आयुष्यभर दुसऱ्यांना खेळताना बघतात आणि विचारतात: आवड नाही, की आत यायला वाटच नाही?

यांतलं मला सगळ्यांत मोहवणारं नाव टी. एल. टेलर यांचं. टेलरबाई ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकल्या. मार्च १९९९मध्ये 'एव्हरक्वेस्ट' नावाचा गेम बाजारात आला. नॉरॅथ नावाचं एक काल्पनिक जग, त्यात जंगलं, वाळवंटं, राक्षस, जादूगार, आणि आपापल्या घरी बसून एकाच वेळी तिथे वावरणारे हजारो लोक. महिन्याची वर्गणी भरायची आणि राहायचं. ऐन भरात त्याचे चार लाखांवर वर्गणीदार होते. टेलरबाई त्याच वर्षी नॉरॅथमध्ये शिरल्या आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच रमल्या.

मानववंशाचा अभ्यासक एखाद्या पाड्यावर जाऊन राहतो, तिथली भाषा शिकतो, लग्नात जेवतो, भांडणात साक्षीदार होतो, मग लिहितो. टेलर यांनी हीच रीत नॉरॅथला लावली. पात्र घेतलं, मेल्या, पुन्हा उठल्या, खेळाडूंच्या टोळीत सामील झाल्या, त्यांच्याशी तासन्‌तास बोलल्या, पडद्याबाहेर भरणाऱ्या चाहत्यांच्या मेळाव्यांनाही गेल्या. विद्यापीठात हे काम सांगताना समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटत असेल याची कल्पना करा. २००३ साली त्यांचा स्त्रिया आणि ऑनलाइन खेळ यांवरचा निबंध आला आणि २००६ साली एमआयटी प्रेसनं 'प्ले बिटवीन वर्ल्ड्स' हे पुस्तक काढलं.

त्या काळी समज असा होता, की बायका ऑनलाइन खेळात आल्याच तर गप्पा मारायला येतात. टेलर यांना ज्या बायका भेटल्या त्या गप्पा मारतच होत्या, पण त्यांना ताकदही हवी होती. पायरी पायरीनं बलवान होणं, अवघड लढाईत आपलं काम चोख करणं, टोळीनं आपल्यावर भरवसा टाकणं यात त्यांना रस होता. पुरुष ज्यासाठी खेळत होते त्यातलं बरंचसं त्यांनाही आवडत होतं. फक्त हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

टेलर यांच्या एका निरीक्षणापाशी मी थबकले. त्या खेळाडू बायकांना भटकणं आवडायचं. कुठेही, कधीही, एकटीनं. नॉरॅथमध्ये धोका पावलोपावली होता, पण तो सगळ्यांना सारखा. राक्षस बाई बघून जास्त हल्ला करत नव्हता आणि पुरुष बघून सोडूनही देत नव्हता. मध्यरात्री अनोळखी प्रदेशात शिरावं आणि भीती वाटलीच तर ती फक्त त्या प्रदेशाची वाटावी, बाई असण्याची नव्हे, हे सुख अनेकींना खऱ्या गावात कधी मिळालेलंच नव्हतं. शेवटच्या लोकलनं घरी परतणाऱ्या कुठल्याही मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही. खेळ बनवणाऱ्यांनी मात्र हे सुख ठरवून दिलेलं नव्हतं, ते आपसूक घडलं होतं.

ठरवून दिलेलं होतं ते वेगळंच. बाईचं पात्र निवडलं की चिलखताच्या नावाखाली जेमतेम वस्त्र. या कपड्यांचं बायका काय करत होत्या? टेलर सांगतात, की त्या तिकडे काणाडोळा करून, मनातल्या मनात तो भाग बाजूला ठेवून खेळत होत्या. म्हणजे खेळ आवडत होता, तो या पोशाखासकट नव्हे, या पोशाखाला न जुमानता. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बहुतेक जणी या खेळापर्यंत भाऊ, नवरा, मित्र, वडील यांचं बोट धरून पोचल्या होत्या. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट ज्याची त्याची बॅटिंग आधी, तसं घरातला कॉम्प्युटर ज्याच्या खोलीत, खेळ आधी त्याचा. दुकानात खेळाची खोकी मांडलेली असत तिथली गिऱ्हाइकंही पुरुष आणि विकणाराही पुरुष. आवडीचा प्रश्न येण्याआधी एवढ्या पायऱ्या चढायच्या होत्या.

पात्राच्या देहाला एवढं महत्त्व कशाला, असं एखाद्याला वाटेल. शेवटी ते चित्रच. त्याचं उत्तर स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतून आलं आणि ते चक्रावणारं आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली लोकांना आभासी वास्तवाच्या चष्म्यातून एका खोलीत नेलं. कुणाला उंच देह दिला, कुणाला बुटका. मग समोरच्याशी पैशाच्या वाटणीची घासाघीस करायला लावली. उंच देह मिळालेली माणसं जास्त ताणून धरू लागली. बुटका देह मिळालेल्यांनी उघडउघड अन्यायाची वाटणी मान्य करण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. हा देह त्यांना काही मिनिटांपूर्वी मिळाला होता आणि काही मिनिटांत सुटणार होता. खऱ्या उंचीशी त्याचा संबंध नव्हता. तरी माणसं त्या देहासारखी वागली! हवं ते रूप घेणारा ग्रीक पुराणातला प्रोटियस, त्याच्या नावानं हा परिणाम आज ओळखला जातो. पुढे जेसी फॉक्स यांनी दाखवलं, की उत्तान कपड्यांतलं पात्र वापरायला दिलेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचे विचार जास्त घोळू लागतात. तेव्हा ते चित्र नुसतं चित्र राहत नाही.

काही अभ्यासकांनी सरळ मोजदादच केली. दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १५० गेममधली आठ हजारांवर पात्रं मोजली. २००९ साली छापलेल्या या शिरगणतीत ८५ टक्के पात्रं पुरुष निघाली. अमेरिकेच्या लोकसंख्येत तेव्हा सुमारे साडेबारा टक्के असलेले लॅटिनो लोक गेममध्ये तीन टक्केही नव्हते. २०२३ साली स्टेफनी रेनिक आणि शॉन रॉबर्ट्स यांच्या गटानं ५० गेममधले संवाद मोजले, साठ लाखांवर शब्द. पुरुष पात्रं स्त्री पात्रांच्या दुप्पट बोलत होती. पन्नासातल्या ९४ टक्के गेममध्ये पारडं पुरुषांकडे झुकलेलं. पडद्यावरची बाई अबोल असते हे आपल्याला सिनेमावरून ठाऊक होतं, पण साठ लाख शब्द चाळून ते सिद्ध करणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यावी लागते.

आता आवडीकडे परत येऊ. निक यी यांनी पुढे निकोला ड्युशनो यांच्यासोबत क्वांटिक फाउंड्री ही संस्था काढली आणि २०१७ साली पावणेतीन लाखांच्या आसपास गेमरांच्या उत्तरांतून कुठल्या प्रकारच्या खेळात किती स्त्रिया आहेत ते मांडलं. तीन सारख्या गोट्या जुळवण्याचे आणि शेतीवाडीचे खेळ: ६९ टक्के. डावपेचांचे नेमबाजी खेळ: ४ टक्के. सामन्यांचे, मैदानी खेळ: २ टक्के. झालं, वाचणारा म्हणेल, बायकांची आवड ती ही. खरी गंमत मात्र अपवादांत होती. पश्चिमी धाटणीच्या रोल प्लेइंग खेळांत स्त्रियांचं सरासरी प्रमाण २६ टक्के, पण त्याच प्रकारातल्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये ४८. मोकळ्या जगातल्या खेळांची सरासरी १४, पण 'असॅसिन्स क्रीड सिंडिकेट'मध्ये २७. प्रकार तोच आणि प्रमाण जवळपास दुप्पट! आवड प्रकाराशी बांधलेली असती तर एकाच प्रकारात एवढी उडी कशी पडावी?

'सिंडिकेट'मागे एक किस्सा आहे. २०१४ साली याच मालिकेतल्या 'युनिटी'त एकत्र खेळण्यासाठी स्त्री पात्र का नाही, असं विचारल्यावर ती बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीकडून उत्तर आलं, की हालचालींचं काम दुप्पट होतं. मालिकेवर पूर्वी काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरनंच जाहीरपणे सांगितलं, की हे फार तर एक-दोन दिवसांचं काम आहे. इंटरनेटवर भरपूर टिंगल झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या 'सिंडिकेट'मध्ये जेकब आणि ईव्ही फ्राय ही जुळी भावंडं नायक-नायिका होती. हा एकच बदल २७ टक्क्यांचं कारण आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही. खेळाचा काळ, कथा, जाहिरात, सगळंच बदललं होतं. पण 'त्यांना आवडत नाही' हे वाक्य एवढ्यावरूनही लंगडं पडतं.

मात्र या विषयातली सरळ उत्तरं फार काळ सरळ राहत नाहीत. एड्रियन शॉ या अभ्यासिकेनं स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि समलिंगी खेळाडूंच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. आपल्यासारखं पात्र गेममध्ये असावं अशी जोरदार मागणी ऐकू येईल अशी कुणाचीही अपेक्षा असते. २०१४ सालच्या 'गेमिंग अ‍ॅट द एज' या पुस्तकात त्या सांगतात, की बऱ्याच जणांनी तशी मागणी केलीच नाही. असलं तर छान, नसलं तरी खेळतो. काही जण तर स्वतःला गेमर म्हणवून घ्यायलाही तयार नव्हते. यावरून कंपन्यांनी 'बघा, कुणाला पडलेली नाही' असं म्हणू नये, असा शॉ यांचा आग्रह आहे. ज्यांना कायम डावललं गेलं ते मागायचंच सोडून देतात. शिवाय विविध पात्रं त्या त्या गटाला खूश करण्यापुरती नसतात, इतरांनाही ती दिसायला हवीत. मला हा मुद्दा पटतो. गिऱ्हाईक मागेल तेवढंच द्यायचं, हा हिशेब इथे अपुरा आहे.

किशॉना ग्रे या स्वतः कृष्णवर्णीय अभ्यासिका एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन गेम-सेवेवर खेळत आणि ऐकत बसल्या. पडद्यावर सगळी पात्रं हेल्मेट घातलेली, कोण काळा, कोण गोरा कळायला मार्ग नाही. तरीही माईक उघडला की दोन वाक्यांत ओळख पटायची. बोलण्याच्या धाटणीवरून समोरचा कृष्णवर्णीय आहे हे ताडून शिव्या सुरू व्हायच्या. मग खेळाडू काय करत? माईक बंद ठेवत किंवा ओळखीच्यांची खाजगी टोळी करून तिच्यातच बोलत. काही कृष्णवर्णीय आणि लॅटिना स्त्रियांनी स्वतःच्या टोळ्या उभ्या केल्या. काही जणी उलट खोड्या काढून सूड घेत. ग्रे यांची २०१४ आणि २०२० सालची पुस्तकं वाचताना शांततेचा अर्थ बदलतो. 'हे लोक फारसे बोलत नाहीत' ही नोंद कंपनीच्या दफ्तरात आवड म्हणून जाते. प्रत्यक्षात तो बचाव असतो.

एवढं सगळं वाचून ऑनलाइन खेळ म्हणजे नरक असं वाटेल, पण तेही खरं नाही. अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेनं २०१९ साली केलेल्या पाहणीत ऑनलाइन खेळणाऱ्या प्रौढांपैकी ७४ टक्क्यांनी आपल्याला कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत ८८ टक्क्यांनी खेळातून चांगला सहवासही मिळाल्याचं सांगितलं. मैत्री, मदत, आपलेपणा. म्हणजे बहुतेकांना दोन्ही मिळतं, आणि चांगलं मिळतं म्हणूनच लोक वाईट सोसत राहतात.

मग वाईट कमी करता येतं का? 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्समध्ये मेंदूविज्ञानाची पार्श्वभूमी असलेले जेफ्री लिन हाच प्रश्न घेऊन बसले होते. त्यांच्या हाती कोट्यवधी डाव होते. आधी त्यांनी शिवराळ बोलणं कोण करतं ते शोधलं. आपल्याला वाटतं, थोडे नासके लोक असतात, त्यांना हाकलावं. कायम शिवीगाळ करणारे खेळाडू खरोखरच १ टक्क्याच्या आसपास निघाले. पण एकूण शिवीगाळीतला त्यांचा वाटा फक्त ५ टक्के. उरलेली बहुतांश घाण एरवी बऱ्या वागणाऱ्या, त्या दिवशी डोकं फिरलेल्या माणसांची. म्हणजे तुमची-माझी. सगळे नासके हाकलून दिले तरी ९५ टक्के घाण तशीच राहणार.

तेव्हा त्यांनी जागाच बदलून पाहिली. प्रतिस्पर्धी संघाशी लेखी गप्पा मारण्याची सोय सगळ्यांना आपोआप सुरू असे. ती कंपनीनं आपोआप बंद ठेवली. बंदी नाही, ज्याला हवी त्यानं सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी. आठवड्याभरानं पाहिलं तर वाईट बोलणं सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झालं आणि चांगलं बोलणं सुमारे ३४ टक्क्यांनी वाढलं. गप्पांचं एकूण प्रमाण मात्र जवळपास तेवढंच! लोक सोय सुरू करून घेत होते आणि बोलतही होते, फक्त तेच लोक बरं बोलत होते. एक बटण दाबण्याइतकी सवड मिळाली आणि जिभेवरची शिवी विरून गेली, असं काहीसं झालं असावं.

दुसरा प्रयोग अक्षरांच्या रंगाचा. डाव सुरू होण्याआधी पडद्यावर छोट्या सूचना दाखवायच्या, कुणाला लाल अक्षरांत, कुणाला निळ्या, कुणाला पांढऱ्या. 'चुकलेल्या साथीदाराला छळलंत तर तो आणखी वाईट खेळतो' अशा आशयाची सूचना लाल अक्षरांत दिसली की शिवराळ भाषा सुमारे ११ टक्क्यांनी घटली. पांढऱ्या अक्षरांत तीच सूचना जवळपास वाया गेली. 'आज सगळ्यांत खिलाडूपणे कोण खेळणार?' असा गोड प्रश्न लाल अक्षरांत विचारला तर वागणं उलट बिघडलं. आपल्याकडे जिन्यात 'येथे थुंकू नये' रंगवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

याच कंपनीची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वतःच्या कार्यालयात स्त्री कर्मचाऱ्यांशी भेदभाव झाल्याच्या आरोपांवरून रायट गेम्सनं २०२१ साली दहा कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. खेळाडूंच्या जिभेवर संशोधन करणाऱ्या इमारतीतच हे चालू होतं. खेळातली वाट रुंद करणारे आणि अडवणारे कधी कधी एकाच कँटीनमध्ये जेवतात.

इकडे टेलरबाई केव्हाच नॉरॅथहून पुढे निघाल्या होत्या. नॉर्थ कॅरोलायना, मग कोपनहेगनचं आयटी विद्यापीठ, मग एमआयटी. २०१२ साली ई-स्पोर्ट्सवरचं 'रेझिंग द स्टेक्स', २०१८ साली ट्विचसारख्या थेट प्रक्षेपणावरचं 'वॉच मी प्ले'. स्पर्धेच्या जगातही त्यांना तेच दिसलं. बक्षिसाच्या मंचावर कोण उभं राहतं हे मंचावर ठरत नाही, ते आधीच ठरलेलं असतं: सरावाला रोज रात्री कुणाला कोण बोलावतं, संघात जागा झाली की कुणाचं नाव आठवतं. मुलींना कुणी मनाई करत नाही. त्यांना बोलावणं जात नाही.

इथे त्यांच्या कारकिर्दीनं वळण घेतलं. २०१५ साली इंटेल आणि ईएसएल या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीच्या पाठबळावर 'एनीकी' हा उपक्रम सुरू झाला. टेलर यांच्यासोबत होत्या मॉर्गन रोमाइन. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, शिवाय 'फ्रॅग डॉल्स' या स्त्री खेळाडूंच्या संघाच्या संस्थापक. खेळाडू, आयोजक, कंपन्यांची माणसं आणि अभ्यासक यांना त्यांनी एका टेबलाशी बसवलं आणि कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींवर कागद काढले. स्पर्धेची आचारसंहिता कशी लिहावी, प्रेक्षकांच्या चॅटवर लक्ष ठेवणाऱ्यांना काय शिकवावं, फक्त स्त्रियांच्या स्पर्धा भरवाव्यात का आणि कशा. खेळाच्या सुरुवातीला 'शुभेच्छा, मजा करा' म्हणण्याची जुनी रीत आहे. तिच्याच नावानं त्यांनी एक शपथ तयार केली. ती घेणाऱ्याला ट्विचवर नावापुढे छोटा बिल्ला मिळू लागला. बिल्ल्यानं माणूस सुधारतो का? मला शंका आहे. पण अनोळखी चॅटमध्ये शिरणाऱ्या मुलीला चार बिल्ले दिसले तर इथे बसायला हरकत नाही एवढं तरी कळतं.

या कामाची किंमतही मोजावी लागली आहे. २०१४ साली गेमविश्वातल्या स्त्रियांना ऑनलाइन लक्ष्य करणारं 'गेमरगेट' नावाचं वादळ उठलं तेव्हा खेळांचा स्त्रीवादी अभ्यास करणारे संशोधक जमावाच्या निशाण्यावर आले. एड्रियन शॉ आणि शिरा चेस यांनी एका परिषदेत गोल करून बसून चर्चा घेतली होती आणि तिची टिपणं सर्वांना उघड्या असलेल्या गूगल डॉक्युमेंटमध्ये लिहिली होती. कुणालातरी ती सापडली. गेमचा धंदा आतून पोखरण्याचा कट शिजतोय याचा तो 'पुरावा' ठरला. कट करणारे आपलं इतिवृत्त सगळ्यांना वाचायला उघडं ठेवत नाहीत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोघींनी पुढे या अनुभवावरच शोधनिबंध लिहिला. अभ्यासकाला काहीही वाया घालवता येत नाही.

वाटेचा प्रश्न शब्दशः दिसतो तो अपंग खेळाडूंच्या बाबतीत. साधा कंट्रोलर दोन्ही हात, दहा बोटं आणि अंगठ्यांची चपळाई गृहीत धरतो. २०१८ साली मायक्रोसॉफ्टनं आणलेला अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर म्हणजे दोन मोठ्या बटणांची चपटी पाटी आणि मागे १९ भोकं. ज्याला जे हलवता येतं, पाय, कोपर, हनुवटी, त्याचं बटण तिथे जोडायचं. एबलगेमर्ससारख्या संस्था आणि अपंग खेळाडू यांच्याशी बोलत बोलत तो घडला. त्याच्या खोक्यावरही वेगळं काम झालं. दात न लावता ते उघडता यावं अशी त्याची रचना आहे, कारण हात नीट चालत नसलेली माणसं पार्सल दातानं फोडतात हे कुणीतरी पाहिलं होतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या २०२०च्या गेममध्ये सुलभतेची ६०हून अधिक सेटिंगं आहेत. ब्रँडन कोल या अंध खेळाडूला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. पूर्ण अंध माणसांनी कुणाच्याही मदतीशिवाय, ध्वनीच्या खुणांवर तो गेम शेवटापर्यंत नेला.

सबटायटल्सची गोष्ट तर अगदी तुमच्या-माझ्या घरातली. ती बहिऱ्या लोकांसाठी असतात, असा आपला समज. युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'मध्ये ती आपोआप बंद होती. तरी ६० टक्के खेळाडूंनी सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू केली. पुढच्या 'ओडिसी'त कंपनीनं ती आपोआप सुरू ठेवली आणि हवी तर बंद करण्याची मुभा दिली. ९५ टक्के लोकांनी सुरूच ठेवली. एवढे लोक बहिरे नाहीत. कुणाच्या घरात बाळ झोपलंय, कुणाला इंग्रजीचे उच्चार समजत नाहीत, कुणाच्या खिडकीखाली रिक्षा थांबतात. थोड्यांसाठी म्हणून ठेवलेली सोय जवळजवळ सगळ्यांना हवी होती. एका बंद बटणामुळे कितीतरी लोकांना ती मिळत नव्हती, आणि 'त्यांना नको असेल' असं समजलं जात होतं.

यातलं बहुतेक संशोधन अमेरिकेतलं, इंग्रजी बोलणाऱ्यांवरचं आहे हे विसरून चालणार नाही. पण आपल्याकडेही खेळ बनतात. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात आहे. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीला नायिका करणारा 'राजी' हा २०२०चा गेम पुण्याच्याच नोडिंग हेड्स गेम्सनं केला. आणि खेळणारे तर गावोगावी आहेत. रात्री अकरानंतर बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजी खेळाच्या एखाद्या लॉबीत कान द्या. मराठी, हिंदी, भोजपुरी एकमेकांत मिसळलेल्या असतात. कुणाच्या बोलण्याची टिंगल होते, कुणाला आडनाव विचारलं जातं, एखादा मुलीचा आवाज आला की काय होतं, कोण मग माईक बंद करतं. वर सांगितलेला प्रत्येक प्रश्न तिथे मराठीत पडलेला आहे, आणि त्यात जातीचा एक प्रश्न आपला स्वतःचा.

समाजशास्त्र घेऊन पुढे काय करणार, असं घरचे विचारत असतील अशा विद्यार्थ्यांसाठी म्हणून हे लिहिलं. टेलर यांनी 'वॉच मी प्ले' वाचकांना मोफत उतरवून घेता येईल असं ठेवलं आहे. ते वाचा, वही उघडा, लॉबीत शिरा आणि आधी आठवडाभर नुसतं ऐका.